भिंतीपलीकडचं मुळशी

पौड रस्त्याने पश्चिमेकडे निघालं की उजव्या हाताला वेताळ टेकडी सोबत चालू लागते. दुकानांच्या पाट्या, उंच इमारती, मेट्रोचे खांब यांच्यामधून ती मध्येच दिसते, मध्येच नाहीशी होते. पण एखाद्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली की गल्लीच्या टोकाला हिरवा उतार उभाच असतो. गौरी-गणपती नुकतेच आटोपले होते. जागोजागी मांडवांचे बांबू सोडवण्याचं काम चाललं होतं. भाची गाडी चालवत होती आणि मी शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होते. मुळशी, ताम्हिणी करत घाटाखाली उतरायचं, एवढाच आमचा बेत.

ही टेकडी गल्लीच्या टोकाशी अजून दिसते, ती आपोआप नव्हे. एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर बांधकाम करायचं नाही, असा पुण्याच्या बांधकाम नियमावलीतला जुना नियम आहे. १९९७ मध्ये तेवीस गावं शहरात आली, तेव्हा त्यांच्या हद्दीतल्या टेकड्याही आल्या. त्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण असावं म्हणून पुणेकर भांडले, सभा झाल्या, सह्यांच्या मोहिमा झाल्या. साडेनऊशेहून अधिक हेक्टरांचा हा प्रश्न मार्गी लागायला २०१५ साल उजाडलं. पुढे बालभारती ते पौड फाटा रस्ता टेकडीतून काढायचं घाटत होतं, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये रोज पहाटे टेकडी चढणारी म्हातारी माणसं, शाळकरी मुलं, नोकरदार बाया असे सगळे मिळून मोर्चाने निघाले.

या सगळ्या वादांत मी पाण्याबद्दल ऐकलं, मोरांबद्दल ऐकलं, हवेबद्दल आणि भूजलाबद्दल ऐकलं. ते सारं खरंच आहे. पण ‘मला रोज माझ्या रस्त्यावरून टेकडी दिसते आणि ती दिसत राहिली पाहिजे’ हे म्हणायला माणसं संकोचतात. जणू ते कारण हलकं, हौसेचं. मला ते हलकं वाटत नाही. बसच्या खिडकीतून डोंगर दिसणं ही ज्याच्याकडे एक गुंठाही जमीन नाही त्याच्याही वाट्याला आलेली मिळकत आहे. तिचा सातबारा कुठे नसतो, म्हणून ती कुणीही बळकावू शकतं.

चांदणी चौकात जुना पूल आता नाही. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मध्यरात्री सुरुंग लावून तो पाडला आणि पुढच्या ऑगस्टमध्ये नव्या पुलांचं जाळं खुलं झालं. वळणावळणाने वर चढताना एका बाजूला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची झाडी दिसते. पंडित नेहरूंनी १९४९ मध्ये प्रबोधिनीची कोनशिला बसवली, तेव्हापासून लष्कराच्या कुंपणाआड ती राखली गेली. आज या बाजूला सलग हिरवं असं जे काही नजरेला पडतं, त्यात तिचा वाटा मोठा. सामान्य माणसाला तिथे पाऊल टाकता येत नाही, पण बघायला कुणाची परवानगी लागत नाही. जमीन एकाची आणि तिचं दिसणं सगळ्यांचं, अशी ही व्यवस्था इथे पाऊणशे वर्षं सुरळीत चालली आहे.

भूगावपासून फलक सुरू होतात. एन.ए. प्लॉट, फार्महाऊस, सेकंड होम, लेक व्ह्यू. प्रत्येक फलकावर डोंगर छापलेला, तळं छापलेलं, धुकं छापलेलं. आणि फलकामागचा खरा डोंगर फलकानेच झाकलेला. पिरंगुटच्या लहानशा घाटात एका वळणावर खालच्या भातखाचरांचा पट्टा दिसायचा, तिथे आता ओळीने लोखंडी सांगाडे आहेत. एप्रिल २०२३ मध्ये किवळ्याला फलक कोसळून पाच माणसं गेली, मे २०२४ मध्ये घाटकोपरला सतरा गेली. त्यानंतर फलकांचे पाये, लोखंडाची जाडी, वाऱ्याचा जोर यांची तपासणी झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. मजबूत उभा असलेला फलक मात्र कुणाला काही जाब देत नाही. तो पडला नाही, एवढं पुरतं.

हे असंच असायला हवं असं नाही. अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्याने १९६८ मध्ये रस्त्याकडेच्या जाहिरात फलकांना कायद्याने मनाई केली, हवाईने तर त्याच्या कितीतरी आधी, १९२७ मध्ये. तिथली दुकानं त्यामुळे बुडाली नाहीत. आपल्याकडेही उदाहरण आहे. मनालीहून रोहतांगला जाणाऱ्या रस्त्यालगतच्या खडकांवर मोठमोठ्या कंपन्यांनी जाहिराती रंगवल्या, तेव्हा २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन त्यांना दंड केला. हिमालयातल्या खडकाची न्यायालयाने अशी कदर केली. सह्याद्रीचा काळा कातळ त्याहून कमी मोलाचा नाही.

पौडला थांबलो. मुळशी तालुक्याचं हे मुख्य ठिकाण, कचेऱ्या, बाजार, एसटीची वर्दळ. रस्त्याकडेला बाया मोठाल्या पावसाळी काकड्या, ओल्या भुईमुगाच्या शेंगा, अळूची पानं आणि मक्याची कणसं घेऊन बसल्या होत्या. पुण्यात भाजीवाल्याशी आपलं बोलणं भावापुरतं असतं. इथे मावशींनी आधी विचारलं, “कुठं निघाले? जेवून जानार का तसंच?” काकडी घेतली तर तिथल्या तिथे विळ्याने चिरून, मीठ-तिखट लावून हातात दिली. “गाडीत खाऊ नका, सांडतंय. हितं बसा,” म्हणाल्या आणि पाटीशेजारचं पोतं झटकून आमच्यापुढे सारलं. आम्ही बसलो. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे पोटरीत आलेलं भात आणि त्यामागे डोंगराची रांग. मावशी दिवसभर याच तोंडाने बसतात. उन्हाची दिशा चुकवायला असेल, पण मला वाटलं, जागा निवडताना समोर काय आहे हेही त्यांनी पाहिलंच असणार.

माले गाव मागे पडलं की मुळशीचं पाणी येतं. खरं म्हणजे यायला हवं. लहानपणी एसटीतून या बाजूला आले होते, तेव्हा एका वळणानंतर डाव्या-उजव्या खिडक्यांवरून माणसं एकदम पुढे वाकली होती, ते मला आठवतं. आता पाण्याच्या बाजूने कितीतरी अंतर भिंतीच भिंती. काही विटांच्या, काही काँक्रीटच्या, काही पत्र्याच्या. सगळ्या पुरुषभर उंचीपेक्षा जास्त. मध्ये कमानी, पहारेकरी आणि झुलतं फाटक. फाटकाच्या फटीतून हातभर पाणी लखलखतं आणि गाडी पुढे जाते. भाची म्हणाली, “आत्या, नकाशात तळं अगदी रस्त्याला लागून दाखवतंय.” लागूनच होतं.

पुढे एक जागा मोकळी सापडली. रस्त्याकडेला चार दगड, एक करंजाचं झाड, खाली उतरत गेलेलं गवत आणि मग पाणीच पाणी. तेरड्याची गुलाबी फुलं गवतात भरून आलेली. परवापर्यंत शहरातल्या बाजारात गौरींसाठी ती जुड्यांनी विकली जात होती. तिथे एक आजोबा म्हशी घेऊन उभे होते. डोक्यावर इरल्याऐवजी निळं प्लॅस्टिक, हातात काठी. मी म्हटलं, “बाबा, इथून छान दिसतं.”

“आता हितूनच दिसतं,” ते म्हणाले. “आमच्या लहानपनी आख्ख्या रस्त्यानं दिसायचं. म्हशी पान्यावर न्यायला आता येक फर्लांग फिरून जावं लागतंय. भितीला वाट न्हाई.”

मी त्यांच्या गावाबद्दल विचारलं. त्यांनी काठी पाण्याकडे केली. “आमचं खरं गाव त्या तितं. आत.”

मुळशीचं तळं सुंदर आहे, यात शंका नाही. पण ते निसर्गाने केलेलं नाही, आणि त्याची किंमत कुणी चुकवली हे विसरून त्याकडे बघू नये. टाटांच्या वीज कंपनीने मुळा नदीवर धरण बांधायला घेतलं तेव्हा मुळशी पेट्यातल्या पन्नासहून अधिक गावांची घरं, खाचरं, देवळं पाण्याखाली जायची होती. १९२१ च्या रामनवमीला, १६ एप्रिलला, मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. सत्याग्रहाचं नेतृत्व पांडुरंग महादेव बापट यांच्याकडे आलं आणि या लढ्याने त्यांना सेनापती ही पदवी दिली. बायका तुरुंगात गेल्या, शंकरराव देवांनी तुरुंगात फटके खाल्ले. लढा तीन वर्षं चालला आणि हरला. धरणाविरुद्ध जगात झालेल्या पहिल्या लढ्यांपैकी तो एक म्हणून अभ्यासक त्याची नोंद घेतात. राजेंद्र व्होरा यांचं त्यावर मोठं पुस्तकच आहे. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज हवी होती. ती मिळाली.

शंभर वर्षांपूर्वी ज्यांची जमीन गेली, त्यांच्या नातवंडांना निदान त्या पाण्याकडे बघायची मुभा होती. आता पाण्याकाठी उभ्या राहिलेल्या भिंतींनी तीही काढून घेतली आहे. भिंतीपलीकडे राहणारी माणसं माझ्याच शहरातली, शनिवारी येऊन रविवारी परतणारी. त्यांच्या खिडकीतून तळं दिसतं म्हणून त्यांनी पैसे मोजले. त्या आजोबांनी मोजलेली किंमत कुठल्याच खरेदीखतात नाही.

पळशाला एका घरात जेवलो. हॉटेल असं नाही; पडवीत चार पाट, चुलीवरचा स्वयंपाक, आधी सांगितलं तर दोन माणसांचं जास्त करतात. आम्ही आधी सांगितलं नव्हतं. तरी ताई म्हणाल्या, “बसा. भात लावते, तोवर पाय धुवा.” पुण्यात आम्ही सख्ख्या बहिणीकडे जाताना सुद्धा फोन करतो आणि समोरचीही तशीच अपेक्षा ठेवते. ती रीतही वाईट नाही, शहरात सगळ्यांनाच वेळ पुरत नाही. पण पाय धुवायला तांब्या पुढे आला की आपण आलो याचा कुणाला तरी आनंद आहे, हे आधी कळतं आणि भूक नंतर लागते. नाचणीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा, भारंगीची शेवटची भाजी आणि आंबेमोहोराचा मऊ भात. या भाताचा वास उंबऱ्याबाहेर जातो. मुळशी-मावळातलं आंबेमोहोर पुण्याच्या पेठांत एके काळी सणासुदीला हटकून असायचं. आता उत्पन्न कमी म्हणून शेतकरी दुसरी वाणं लावतात. “घरापुरतं ठिवलंय,” ताई म्हणाल्या.

पडवीसमोर खाचरं, खाचरांपलीकडे पाण्याचा निळसर तुकडा. मी विचारलं, ही खाचरं विकत घ्यायला कुणी येतं का. “येत्यात की. दर आठवड्याला गाडी येती.” मग थांबून म्हणाल्या, “इकायची तर पोरांना शाळा व्हईल, खरं आहे. पण मग पडवीत बसून काय बघायचं?”

रस्त्यावरून मला जे दिसत होतं ते या ताईंच्या भातशेतीमुळे दिसत होतं. खाचर ठेवलं म्हणून नजर लांब पोचते. शेत पडीक पडलं की आधी झुडपं, मग सर्वेक्षणाचे खुंट, मग भिंत. तेव्हा दृश्य राखायचं म्हणजे नुसतं ‘इथे बांधू नका’ म्हणून भागत नाही. जो शेत कसतो त्याच्या हाती त्याबद्दल काही पडलं पाहिजे. अमेरिकेत ब्लू रिज पार्कवे नावाचा डोंगरमाथ्यावरून जाणारा साडेसातशे किलोमीटरचा रस्ता आहे, १९३५ मध्ये बांधायला घेतलेला. त्याच्या कडेच्या कितीतरी जमिनी सरकारने घेतल्या नाहीत, फक्त त्यांच्या दिसण्याचा हक्क घेतला. शेत शेतकऱ्याचं, पीक त्याचं, वारसही त्याचेच. फक्त फलक लावायचा नाही, रस्त्यावरून दिसेल असं भलतं बांधकाम करायचं नाही. आपल्याकडे रस्ता रुंद करायला जमिनीचा मोबदला मिळतो. रस्त्यावरून दिसणारं शेत शेत म्हणून राखल्याबद्दलही मिळायला हवा, असं मला पळशाच्या पडवीत बसून मनापासून वाटलं.

निवे सोडलं आणि रान दाट झालं. २०१३ मध्ये ताम्हिणी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे पन्नास चौरस किलोमीटरचं. अंजनी, जांभूळ, हिरडा, आंबा, पिसा. त्यांच्या फांद्यांवर नेचे आणि शेवाळ. शेकरूचं घरटं उंच दुबेळक्यात दिसलं, शेकरू दिसलं नाही. ताम्हिणी गावाजवळ विंझाईचं देऊळ आहे आणि देवळाभोवतीची झाडं बाकी रानाहून जुनी, जाड बुंध्यांची. देवराई म्हणजे काय हे आपल्याकडच्या लोकांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं, वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी पुण्याहून फिरून १९७० च्या दशकात त्यांचा शास्त्रीय अभ्यास मांडला. देवराईत सरपणाची काडी उचलायची नाही, हा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता. देवळाच्या पायरीवर बसलेल्या गुरवांनी भाचीला नुसतं एवढंच सांगितलं, “पोरी, फूल तोडू नको, बघ.” तिने हात मागे घेतला.

मग गाडीत बसल्यावर तिने विचारलं, “आत्या, इथलं प्राणी-झाड राखायला कायदा आहे. हे जे दिसतंय, ते राखायला आहे का?”

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. अभयारण्य कशासाठी जाहीर करावं हे त्यात दिलं आहे: परिसंस्था, प्राणी, वनस्पती, भूरचना, नैसर्गिक आणि प्राणिशास्त्रीय महत्त्व. राष्ट्रीय उद्यानासाठीही जवळपास हीच यादी. सौंदर्याचा तिथे उल्लेख नाही. अमेरिकेने १९१६ मध्ये राष्ट्रीय उद्यानांच्या विभागाचा कायदा केला, त्यात जे राखायचं त्यात निसर्गदृश्याचं नाव सर्वांत आधी आहे, वन्यजीव त्यानंतर. आपली यादी वाईट नाही. आपल्या कायद्याने वाघ वाचवला, शेकरू वाचवलं. पण अभयारण्याची हद्द जिथे संपते तिथे रस्त्याकडेला चारमजली हॉटेल उभं राहिलं आणि पलीकडची दरी झाकली गेली, तर या कायद्याच्या नजरेने काहीच बिघडलेलं नसतं.

एक अपवाद मला माहीत आहे आणि तो महाराष्ट्रातलाच आहे. जानेवारी २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी आणि फेब्रुवारी २००३ मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून केंद्राने जाहीर केलं. त्या अधिसूचनांमध्ये खडक, धबधबे, डोह, गुहा, राया यांच्या जोडीने ‘पॉइंट’ सुद्धा नैसर्गिक वारसा म्हणून धरले आहेत, आणि पर्यटकांच्या सोयीच्या नावाखालीही त्यांच्याजवळ बांधकामाला उत्तेजन देऊ नये असं बजावलं आहे. तिथे त्याचं पालन सगळीकडे होतं असं कुणी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण माणूस जिथे उभा राहून बघतो ती जागा वारसा असते, हे सरकारी कागदावर एकदा आलेलं आहे. ताम्हिणीसाठी नव्याने काही शोधून काढायला नको. सगळ्या पश्चिम घाटासाठीचा संवेदनशील क्षेत्राचा मसुदा तर २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघतो आहे. जुलै २०२४ मध्ये सहाव्यांदा निघाला, त्यात महाराष्ट्रातले सतरा हजारांहून अधिक चौरस किलोमीटर आहेत.

घाटाच्या माथ्यावर पोचलो तेव्हा काहीही दिसत नव्हतं. ढग रस्त्यावर उतरले होते. २५ जुलै २०२४ ला याच ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुण्यात अख्ख्या पावसाळ्यात जवळपास तेवढा पडतो. त्या पावसाचं हे माहेर. टपरीवर चहा आणि कांदाभजी घेऊन आम्ही उभ्या राहिलो. शेजारी ठाण्याकडचं एक मोठं कुटुंब होतं. आजी कंटाळून गाडीत बसायला निघाल्या तशी टपरीवाल्या ताई म्हणाल्या, “थांबा आजी, उघडंल.” पाचेक मिनिटांनी वाऱ्याची झुळूक आली आणि ढग बाजूला झाला. कुंडलिकेची दरी खालपर्यंत दिसली: काळे कडे, त्यांवरून सुटलेल्या पांढऱ्या धारा, तळाशी हिरवं काळवंडून गेलेलं रान. आजींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हात जोडले. त्यांच्या नातवाने फोन काढला होता, तोही खाली केला. मग पुन्हा ढग.

ज्या ठिकाणी आम्ही उभ्या होतो तिथे उभं राहायला नीट जागा नव्हती. निम्मी गाडी रस्त्यावर, निम्मी गटारावर, आणि वळणावरून कोकणात उतरणारे मालवाहू ट्रक. आता हा दिघी बंदराकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आहे. लोणावळ्याला भुशी धरणाजवळ जून २०२४ च्या शेवटच्या रविवारी एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी पावसाळी ठिकाणांवर प्रशासनाने जमावबंदी लावली. जीव वाचवायला ती हवीच. पण माणसाला बघायचं असतं, आणि बंदी उठली की तो त्याच वळणावर, त्याच गटारावर उभा राहतो. चार ठिकाणं नीट पाहून तिथे गाडी उभी करायला दगडी फरशीची मोकळी जागा, कमरेएवढा कठडा, कचऱ्याचं पिंप आणि ते रोज उचलणारा गावातला माणूस, एवढं पुरे. हल्ली गावोगावी गावाच्या नावाची रंगीत अक्षरं उभी करतात आणि लोक अक्षरांकडे तोंड व दरीकडे पाठ करून फोटो काढतात. घाटात ती नकोत.

एक प्रश्न मात्र मला वाटभर छळत होता. पावसाळ्यात कारवी माणसाहून उंच होते, झाडांच्या फांद्या रस्त्यावर येतात आणि दरी कित्येक ठिकाणी झाकली जाते. मग झाडंही दृश्य अडवतात की! अमेरिकेत योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात हाच पेच पडला. मूळ रहिवासी लोक जे वणवे लावत ते थांबले, नैसर्गिक आगीही विझवल्या जाऊ लागल्या, त्यामुळे सूचिपर्णी झाडं वाढून कडे आणि धबधबे रस्त्यावरून दिसेनासे झाले. शेवटी २०११ मध्ये त्यांनी आराखडाच केला आणि ठरावीक जागांची झाडं तोडून दृश्यं मोकळी केली. तिथे ते योग्य असेल. ताम्हिणीत मी ते कधीच मागणार नाही. इथलं सदाहरित रान हेच मुळात बघण्याजोगं आहे. झाड दरी झाकतं, पण पान हललं की दाखवतं, आणि शिशिरात काही झाडं आपणहून मोकळी होतात. भिंत बाराही महिने तशीच उभी.

झाडं लावून दृश्य बिघडवल्याचं उदाहरण मात्र आमच्या घराजवळच आहे. वेताळ टेकडी मुळात गवताची आणि काटेरी खुरट्या झाडांची. हिवाळ्यात तिचे उतार पिवळे पडायचे आणि दुपारच्या उन्हात लांबून चमकायचे. वनीकरणात तिथे गिरिपुष्प लावलं गेलं, एकाच जातीचं, ओळीने. त्याच्याखाली गवत वाढत नाही आणि गवतातले पक्षी राहत नाहीत. सध्या पावसाळ्यानंतर टेकड्यांवर आणि घाटरस्त्यांच्या कडेला परदेशी पिवळा कॉसमॉस पसरलेला दिसतो. लोक त्यात उभं राहून फोटो काढतात. पिवळा गालिचा डोळ्यांना बरा वाटतो हे मान्य, पण त्याच जागी सोनकी, तेरडा, कवला होते. आपल्या डोंगराचा खरा रंग कोणता हे ज्याला माहीत नाही, त्याला तो बदलला हेही कळत नाही. म्हणून आधी तो दिसत राहायला हवा.

घाट उतरलो. विळे, भागाड, रावळजे. हवा एकदम दमट आणि उबदार झाली. मुळशीचं पाणी डोंगर पोखरून, लोखंडी नळांतून याच बाजूला भिऱ्याला उतरतं. १९२७ पासून तिथे वीज तयार होते. मुळा नदीचं पाणी पुण्याकडे, पूर्वेकडे जायचं. ते कड्यावरून पश्चिमेला आणलं. भिऱ्याहून सुटलेलं हेच पाणी कुंडलिकेत येतं आणि कोलाडजवळ पुण्या-मुंबईची मुलं त्यावर रबरी होड्या घालतात. सेनापती बापटांचे मावळे ज्यासाठी तुरुंगात गेले ते पाणी इथे आरडाओरड करत खळाळत होतं.

रावळज्याच्या पुढे एका घरी सोलकढी प्यायला थांबलो. अंगणात सुपारीच्या चार-दोन झाडांमध्ये झोपाळा, झोपाळ्यावर एक काका. त्यांच्या आवाराला कुंपण होतं आणि ते मी मुद्दाम जवळ जाऊन पाहिलं: खाली गुडघाभर रचलेले दगड, वर निवडुंग आणि एरंडाची वई. गुरं आत येत नाहीत, कोंबड्या बाहेर जात नाहीत, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला अंगण, तुळस, मागचा माड आणि माडामागचा डोंगर सगळं दिसतं. झोपाळ्यावरच्या काकांनाही रस्त्यावरून कोण गेलं ते दिसतं. त्यांनी आम्हाला तसंच पाहिलं आणि “या, बसा” म्हणाले. मी त्यांना मुळशीच्या भिंतींबद्दल सांगितलं. त्यांनी विचार करून विचारलं, “एवढी उंच कशाला? त्यांच्याकडे काय गुरं उड्या मारतात?” ते मनापासून विचारत होते. माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या शहरात घर म्हटलं की आधी भिंत येते आणि कुणी पाहू नये हे सुखाचं पहिलं लक्षण मानतात. कोकणातल्या माणसाची चार पिढ्यांची वई पाहताना मला वाटलं, मालकी दाखवायला आणि गुरं अडवायला एवढी उंची पुरते. त्यापुढची उंची दुसऱ्याची नजर अडवायला लागते.

मुळशी तालुक्याचं नियोजन आज पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे. त्यांच्या आधीच्या प्रारूप आराखड्यात रस्ते होते, वसाहती होत्या, हरित पट्टे होते. नव्या आराखड्यात पौड ते ताम्हिणी रस्त्याचे जे तुकडे अजून उघडे आहेत, जिथून पाणी किंवा दरी दिसते, ते एकेक पाहून नकाशावर खुणावता येतील. तिथे फलकांना मनाई, रस्त्याकडच्या कुंपणाला उंचीची मर्यादा आणि शेत राखणाऱ्याला मोबदला, एवढं लिहिता येईल. एकास पाचचा नियम पुण्यात एका ओळीचा आहे आणि त्या एका ओळीने टेकड्या राखल्या.

आराखडा येईल तेव्हा येईल. मुळशीच्या पाण्याकाठी किंवा ताम्हिणीच्या वाटेवर ज्यांची जागा आहे, आणि माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांची आहे, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: रस्त्याच्या बाजूची भिंत कमरेपर्यंत उतरवा, वर अडुळसा, निरगुडी काही लावा आणि म्हशींना पाण्यावर जायला वाट ठेवा.